एक साचा, पाच हजार कुलपं

४ मार्च, सकाळी ७
आजपासून धंदा मोठा. दादा कानशीने घासून दिवसाला चार कुलपं करतो, दारात बसवायची, आतून-बाहेरून चावी लागणारी, प्रत्येकाची चावी वेगळी. तो म्हणतो, ही कारागिरी. मी म्हणालो, हे भिकेचे डोहाळे. माल दहापट काढला की तेच भाडं, तीच वीज दहापट कुलपांत वाटली जाते आणि एकेक कुलूप स्वस्त पडतं. इतकं सोपं सांगितलं तर त्याने कानस फेकून मारली. नेम चुकला.
संकल्प : रागावर ताबा. त्याने ठेवावा.

१२ मार्च
प्रेस मशीन आलं. आल्या आल्या माझ्या अंगठ्याचं नख घेतलं. किरकोळ.

१५ मार्च
चावी बदलायची तर साचा बदलावा लागतो. साचा बदलला की मशीन अर्धा दिवस बंद. उपाय सापडला : साचा एकच. दुसऱ्याची चावी कोण कशाला लावून बघतंय?

२० एप्रिल
पाच हजार कुलपं खपली. खर्च कुलपामागे निम्मा. दादाला साच्याचं योग्य वेळी सांगेन. सध्या त्याच्या हातात सारखा हातोडा असतो.

२ मे
न्हावी चुकून एक मजला जास्त चढला. चावी लागली, दार उघडलं, आत कसाई जेवत होता. न्हाव्याचे दोन दात गेले. दोघांच्या बायका जिन्यात बादल्यांनी लढल्या. चूक न्हाव्याची. मजले मोजता येत नाहीत माणसाला.

९ मे
आता जो तो शेजाऱ्याचं दार उघडून बघतोय. घरमालक शिंपीणबाईंच्या खोलीत सापडला. बाईंनी गरम इस्त्रीने हाणला. लोकांचे स्वभावच वाईट, कुलूप काय करणार?

१० मे
दादाने दोन चाव्या उजेडात एकावर एक धरल्या. घण उचलला. चार घावांत साचा फुटला. पाचवा माझ्यासाठी होता, वहिनीने हात धरला. म्हणाला, बाबांनी चाळीस वर्षांत दोन चाव्या सारख्या केल्या नाहीत. लोक आपल्या नावाच्या भरवशावर निजतात. आता तो घरोघरी जाऊन सगळी कुलपं हाताने बदलून देणार. दिवसाला चार, म्हणजे साडेतीन वर्षं. हा काय धंदा झाला?

११ मे, दुपारी ४
लोक सळया घेऊन आलेत. कारखान्याचं दार आतून लावून घेतलंय. कुलूप आपलंच, नवंकोरं. घणाने तुटायचं नाही. निश्चिंत आहे.

१९ मे
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.
कुलूप तुटलं नाही, हे नमूद करतो. बाहेर कोणीतरी विचारलं, चावी कोणाकडे आहे. सगळ्यांकडेच होती.
पंचवीस जण असतील. माणशी दोन फटके, तेही उरकल्यासारखे. हात कोणाच्या फटक्याने मोडला ते आठवतही नाही. सगळे गेल्यावर दादा आला. त्याने एकच थोबाडीत दिली. मग माझं तोंड धुतलं आणि कानस घेऊन बसला.
गाल अजून ठणकतोय. हाताने केलेलं काम ते.