मध्यंतरानंतरचे अण्णा

१४ सप्टें., रवि.
यशवंतपूरला पुन्हा जुन्या व्हीसीडींचा ढीग उपसला. कानडी पिक्चर, दोन डिस्कांचा. पहिली माझ्याकडे आहे, पण आमचे अण्णा मध्यंतरानंतर! हॉटेलात कॉफी पिणारा माणूस. वडील पडद्यावर आले ते तेवढेच. घरात फोटो ढीगभर, हलणारे अण्णा कुठेच नाहीत. सुनेने, मृणालने, सगळे ॲप पालथे घालून हात टेकले. दुकानदार नागण्णा म्हणाला, "सिक्करे मनेगे तरतीनि, सार." मिळाली तर घरी आणून देणार. आईला सांगितलं. तिने टीव्हीवरची धूळ पुसली.

१८ सप्टें., गुरु.
घात! मी ऑफिसात, नागण्णा डिस्क घेऊन दारात. मृ. पडली पुण्याची. कानडीत बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. हिने नेमकं उलटं पाठ केलेलं. "बेडा, बेडा!" करत आनंदाने त्याच्या मागे जिन्यापर्यंत धावली म्हणे. पळालाच तो.
आई जेवली नाही.

१९ सप्टें., शुक्र.
नागण्णाने डिस्क जाता जाता आमच्याच गल्लीतल्या सावित्रक्काला देऊन टाकली. फुकट! इकडे मृ.ने आज दारावर येईल त्याला "बेकु" म्हटलं. घरात मेथीच मेथी.

२३ सप्टें., मंगळ.
सावित्रक्काकडे दसऱ्याच्या बाहुल्या बघायला गेलो. आमच्या डिस्कचं तळं केलंय. चकचकीत बाजू वर, त्यावर चिकटवलेला हंस. मी हात पुढे केला तर ओरडली, "अय्यो! मांडलेली गोंबे दसऱ्याआधी हलवतात का? स्वल्प अडजस्ट माडी." सरी, केलं थोडं अडजस्ट. हंसाला नमस्कार करून परतलो. दुसरं काय करणार?

३ ऑक्टो., शुक्र.
बाहुल्या पेटीत गेल्या, डिस्क घरी आली. मृ.ने खोबरेल लावून हंस सोडवला. लावली. हॉटेल. टेबलाशी पाठमोरा माणूस, हातात कप. वेटर हाक मारतो, माणूस मान वळवायला लागतो आणि... चित्र अडकतं. हंसाच्या पायापाशीच. तीनदा लावली, तेच.
मी म्हटलं, हे अण्णा नव्हेत, त्यांना इतके केस कुठे होते?
आई म्हणाली, "तेच आहेत. मी हाक मारली तरी एवढंच वळायचे."
स्वतःची कॉफी घेऊन टीव्हीसमोर बसली. मृ. रडवेली होऊन, "परत पुसून बघू का, आजी?"
आई पडद्याकडे बघतच म्हणाली, "बेडा."
मृ.ने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे नक्की काय, बाबा?"