पान उलटणाऱ्याची परीक्षा

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (सध्या वाकलो की कंबर धरते, त्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे.) आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटलं असेल तर गच्चीवर जाणं बंद कर. फोनवर तू धापा टाकतेस ते मला ऐकू येतं, कान हाच माझा धंदा आहे.

पत्रास कारण की, पुढच्या खुर्चीची परीक्षा झाली. खुर्ची आहे तिथेच आहे आणि मीही. तू चार लोकांना आधीच सांगून मोकळी झाली असशील, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

माझा आजवरचा प्रवास तुला ठाऊकच आहे, कारण ढकलत तूच नेलास. बाकीची मुलं खेळत असताना तू मला खोलीत कोंडून व्हायोलिन घासायला लावलंस. मग संगीत महाविद्यालय, मग लोकांच्या लग्नांत जेवणाच्या टेबलांमागे उभं राहून वाजवणं (तिथे लोकांचं लक्ष फक्त वाढप्याकडे), मग शाळेत शिकवणं, आणि शेवटी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या (म्हणजे साथीच्या) व्हायोलिनांच्या अगदी मागच्या रांगेत पक्की नोकरी. तिथे स्वरलिपीचे कागद ठेवायला दोघांत एक स्टँड असतो. पान संपत आलं की बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा हात थांबवून पान उलटतो. मी आतल्या बाजूचा. इतकी वर्षं नोकरी केली, पण पानाच्या शेवटच्या ओळीत काय असतं ते मला नीटसं माहीत नाही.

तर पहिल्या रांगेतली बाहेरची खुर्ची रिकामी झाली. वशिला चालू नये म्हणून परीक्षक पडद्याआड बसतात. चालण्यावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून आपल्याला बूटसुद्धा काढायला लावतात. (माझा एक मोजा फाटका निघाला, पण पडद्याने अब्रू राखली.) बोलायचं नाही, खोकायचं नाही. मी वाजवायला लागलो आणि आत्या, खरं सांगतो, फार छान वाजत होतं. इतकं छान, की शेजारी कोणी नाही हेच विसरलो. पान संपत आलं. मी सवयीप्रमाणे थांबलो, गज मांडीवर ठेवला, आवाज न करता पान उलटलं आणि पुढचं शेजारी बघून घेईल या भरवशावर निवांत बसून राहिलो. सगळीकडे सामसूम. मग पडद्याआडून आमच्या संचालकांचा आवाज आला, "अहो, तुम्ही आहात होय?"

ओळख पटली म्हणून परीक्षा रद्द झाली. पुढच्या महिन्यात नव्याने घेऊ, यायचं असेल तर कळवा, म्हणाले. मी नाही म्हणून कळवून टाकलं. मागची जागा तशी वाईट नाही. दार जवळ आहे, एखादा सूर घसरला तर ढोलवाले सांभाळून घेतात, आणि पुढे बसणाऱ्यांना सारखं ताठ बसावं लागतं. माणसाने उगाच किती धावायचं? मला मुळीच वाईट वाटलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते. काळजी नसावी.

बायकोने नमस्कार सांगितला आहे. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता. क. वरचं वाचून बायको म्हणाली, जेवणाचं आणि झोपेचं तेवढं खोड. खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दिलं आहे.

आणखी एक ता. क. नाही म्हणून अजून कळवलेलं नाही. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर आणि मला चांगला झापून काढ. तू झापल्याशिवाय मी कधी कुठल्या परीक्षेला गेलो नव्हतो, ही पहिलीच. बायकोने प्रयत्न केला, पण तिला मधेच माझी दया येते. तू दया करू नकोस. आत्या, मला ती खुर्ची फार हवी आहे.