साखरेचा नवस

९ जाने. १९६४
पुण्याच्या डॉक्टरांनी लघवी तापवून पाहिली. नळीत विटकरी रंग. मधुमेह. गोड बंद, भात कमी, वजन उतरवा, रोज तासभर चाला.
तासभर! कुठे?

१३ जाने.
उरवड्याच्या रस्त्याला लागले. नात्यातल्या दिरांनी बैलगाडी थांबवली. "वैनी, पायी कुटं निगाला? घरात काय झालं का?" गाडीत बसवून घरी आणून सोडलं. तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं, थोरली सून रुसून माहेरी निघाली होती. हे एवढंच म्हणाले, "परत नगं."

१६ जाने.
नदीवर जायला घागर घेतली. सासूबाईंनी हातातून काढली. "गडीमानसं मेली का? लोक काय म्हंतील?" अंगणात फेऱ्या घातल्या तर, "घाण्याचा बैल हायेस व्हय?"
रडू आलं. तशीच दिसत असेन.

२० जाने.
ठकू धनगरीण दूध घालायला आली. तिच्यापाशी बोलले. म्हणाली, "डोंगरावरच्या देवीला नवस बोललेय म्हना. देवाला जानाऱ्या बाईला कोन आडवतंय?"

२१ जाने.
नवसाचं सांगताच सासूबाईंनी विचारलं, "कशाचा नवस?" तोंडातून निघून गेलं, "मुलगा." दोन मुलींवर. त्यांनी माझ्यावरून बोटं मोडली.
आता मूल नको, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे तेव्हा गोळ्या आणायला गेले होते. घरी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

११ फेब्रु.
रोज डोंगर. दम लागतो, पण वर कोणी हाक मारत नाही. चोळ्या सैल. सासूबाई शिरा करून समोर बसतात. "अंगावर मास न्हाई, पोर कसं ऱ्हाईल?" दोन घास खाल्ले, बाकी धाकट्या लेकीच्या ताटात सरकवला. रोज कसं जमेल?

२ मार्च
आज हेही आले. नारळ फोडला. डोळे मिटून इतका वेळ उभे, की बघवेना. उतरताना सांगून टाकलं. नवस मुलासाठी नाही. चालायला मिळावं म्हणून.
म्हणाले, "दोनी माग. देवीला काय जड हाय?"
म्हटलं, "डॉक्टर मूल नको म्हणालेत. मी मरेन."
पुढे चालत होते. थांबले नाहीत. ऐकलं असणार.

३ मार्च
निघाले तर हे दारात, वहाणा घालून. देवीपुढे गेल्यावर म्हणाले, "आज पोरगा मोठ्यानं माग. मला ऐकू दे."
हात जोडले. शब्द फुटेना.
उतरताना म्हणाले, "उद्या."