सायकलीचं तिसरं चाक

प्रिय राजनंदिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. दचकू नकोस. तुझे आई-बाबा, म्हणजे माझे काका-काकू, दोघंही ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला पुरतं वाक्य बोलू देत नाहीस. आणि मला जे सांगायचंय ते मधे तोडलं की भलतंच वाटेल असं आहे. शिवाय मी टपालखात्याची माणूस. रोज तीन गावांत पाकिटं वाटते. त्यात बँकेच्या नोटिसा असतात, विम्याचे कागद असतात, आधार कार्डं असतात, पण हातानं लिहिलेलं म्हणून काही सापडत नाही. म्हटलं, सुकेशनी, निदान एक तरी आपण टाकावं.

इकडे सोयाबीन निघालं. शाळेला सुट्ट्या लागल्यात, त्यामुळे आमचे गुरुजी घरात बसून माझ्या स्वयंपाकात लक्ष घालायलेत. बाकी नवीन खबर म्हणजे मी इलेक्ट्रिक सायकल घेतली. हसू नकोस. आमच्याकडची मोटरसायकल गुरुजींबरोबर शाळेत जाते, आणि मी आपली पायडल मारत कालव्याच्या रस्त्यानं. पूर्वी नुसती पत्रं होती, पिशवी खांद्याला लावली की झालं. आता लोक मोबाईलवरून काय काय मागवतात. कोणाचे बूट, कोणाचा मिक्सर. एका बाईनं तर पाटा-वरवंटा मागवला होता! समोरून वारं आलं की उतरून सायकल ढकलायची पाळी यायची. अशात एक दिवस पूर्णेच्या बाजारात सायकलच्या दुकानासमोर एक जुनी सायकल दिसली. घरीच बनवलेली. काळ्या दांड्याची साधी सायकल, मागच्या चाकाशेजारी मोटर बसवलेली, मोटरला वेगळी चेन, आणि कॅरिअरवर बॅटरीचा पत्र्याचा डबा. त्या डब्याला रेल्वेच्या जुन्या डब्यांना असायचा तसला विटकरी रंग.

आता तू ओळखलंच असशील. हो, तीच. गेल्या वर्षी तू ज्या दुकानात देऊन आलीस, तिथंच ती उभी होती. तिला कोणी घेतलं नव्हतं. मी घेतली, आणि तुला सांगितलं नाही. काकांनाही सांगितलं नाही. कारण ती सायकल तुमच्या घरातून कशी गेली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. काका रेल्वेत जन्मभर फिटर, रिटायर झाल्यावर पहिला हिवाळा त्यांनी अंगणात बसून ती सायकल बनवण्यात घालवला. मग त्यांना चक्कर यायला लागली, फाटकाजवळ सायकलवरून पडले, कपाळाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले कानाचा आजार आहे, तोल राहणार नाही, दोन चाकांवर पुन्हा बसायचं नाही. तू पुण्याहून धावत आलीस आणि जाताना सायकल घेऊनच गेलीस. तू केलंस ते बरोबरच होतं. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

पण राजू, सायकल लय वाह्यात होती गं! बॅटरी कॅरिअरवर, त्यावर माझी पिशवी, म्हणजे सगळा भार मागं. पुलाचा चढ आला की पुढचं चाक मान वर करायचं. ब्रेक दाबला तरी मोटर आपली चालूच. पहिल्याच आठवड्यात गावात शिरताना गतिरोधकावर दणका बसला, कुठली तरी वायर चिकटली, आणि मोटर काही केल्या बंद होईना. मी ग्रामपंचायतीच्या चौकात गोल गोल फिरतेय, पिशवी लोंबतेय, आणि बचत गटाच्या बाया ओट्यावर बसून टाळ्या पिटायल्यात. त्यांना वाटलं मी नवीन सायकल दाखवायले! ‘अगं थांब की, आमालाबी बसव,’ म्हणून मालनबाई ओरडत होती. शेवटी डोळे मिटून सोयाबीनच्या भुसाच्या ढिगात घातली, तेव्हा कुठं थांबले. दिवसभर माझ्या केसांतून भूस निघत होतं. त्या दिवशीची सगळी पाकिटं मात्र वाटली, हे लिहून ठेवते.

आपल्या पप्पूकडे गेले. तोच, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो नि वेल्डिंगही करतो. त्यानं डबा उघडला, आत वाकून पाहिलं आणि झाकण परत लावलं. म्हणाला, ‘ताई, ज्यानं बनवली त्यालाच इचारा. आतल्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या हायत. मी हात लावला तर तुमचं टपाल पेटंल.’ आता आली का पंचाईत! ज्यानं बनवली त्याच्यापासूनच तर मी सायकल लपवत होते.

तुला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. सायकल गेल्यावर काका बसले ते बसलेच. टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ज्या माणसाकडे सगळी गल्ली पंखे नि मिक्सर घेऊन यायची, त्यानं लोकांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. काकू मला म्हणाल्या होत्या, ‘कुकरचं हँडल ढिलं झालंय, दोनदा सांगितलं, हूं म्हणायलेत नि बसायलेत.’ तू फोन केलास की ते ‘मजेत हाय’ म्हणायचे. काकूंनी तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं.

तर मी एका दुपारी सायकल तुमच्या दारात नेऊन लावली. काका उठून दारात आले. बघत राहिले. मग पायात चप्पल न घालता खाली उतरले, सायकलीभोवती एक चक्कर मारली, आणि मला म्हणाले काय, तर ‘सुके, घंटी काहून बदलली गं?’ एवढंच! कुठून आणली, कधी घेतली, काही नाही. मी म्हटलं, दुकानदारानं बदलली असेल. ‘आत घे. उन्हात बॅटरी ठिवू नको,’ म्हणाले, आणि हत्यारांची पेटी आणायला गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

त्यानंतर आमची भांडणं सुरू झाली. मी टपाल वाटून झालं की तुमच्याकडे, पप्पूही दुकान बंद करून तिथंच. मी म्हणाले, बॅटरी खाली घ्या, दांड्याच्या मधल्या जागेत. काका म्हणाले, तिथं तिला हवा लागणार न्हाई. मी म्हणाले, वायरी वेगवेगळ्या रंगाच्या घाला. ते म्हणाले, ‘मला समद्या पाठ हायत.’ ‘तुम्हाला आहेत, मला नाहीत. मी काय दर गतिरोधकाला तुम्हाला बोलवू?’ पप्पू मधे उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं मान डोलवायचा. शेवटी मी चिडून म्हणाले, ‘काका, तुम्ही या सायकलवर एकटे बसून फिरायचात. मी पाटा-वरवंटा घेऊन जाते!’ काका पाना खाली ठेवून आत गेले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी गेले तर जुना डबा कापून, दांड्यात बसेल असा अरुंद करून, बाजूला हवेसाठी भोकं पाडून तयार. वर म्हणतात, ‘ही आयडिया माझ्या डोक्यात पहिल्यापासूनच होती.’

मग एकेक होत गेलं. ब्रेक दाबला की मोटर बंद पडेल असं बटण बसवलं. फ्यूज घातला. वायरी लाल, काळ्या, निळ्या झाल्या. गुरुजींच्या जुन्या रेनकोटचं बॅटरीला कव्हर शिवलं, ते काकूंनी. कुकरचं हँडलही त्याच दिवसांत कधी तरी घट्ट झालं म्हणे. आणि गल्लीतले पंखे परत यायला लागले. पुलाचा चढ मी न उतरता चढले तेव्हा काका, पप्पू दोघंही पुलाच्या टोकाला उभे होते. काकांनी घड्याळ बघितलं, मान हलवली नि म्हणाले, ‘राइट टाइम.’

इथंच थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. एक दिवस काका म्हणाले, ‘सुके, तुझी पार्सलं लय वाढली. मागं एक चाक अजून लावू. मधे पेटी बसवू. तुला तोल सांभाळायची गरजच न्हाई.’ मला काय, बरंच वाटलं. पप्पूनं मागं आडवा दांडा जोडला, दोन चाकं बसवली, मधे त्याच विटकरी रंगाची पेटी ठोकली, मोटरची चेन त्यातल्या एका चाकाला दिली. पहिल्यांदा वळताना सायकल अशी काही एका बाजूला ओढली गेली की मी तुमच्या तुळशीपाशीच जाऊन थांबले. मग काकांनी वेग कमी केला, कितीही मूठ पिळली तरी जास्त पळायची नाही असा. मी म्हटलं, एवढी सावकाश? म्हणाले, टपालाला काय घाई हाय. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. पण सगळं तयार झाल्यावर मी सीटवर बसले, आणि माझे पाय काही जमिनीला टेकेनात. सीट खाली करा म्हटलं, तर काका दुसरीकडे बघायला लागले. पप्पू तर पळूनच गेला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्या पार्सलाचं नाव सांगून या माणसानं स्वतःच्या पायाच्या मापानं सायकल बनवली होती!

मी रागावले, खरंच रागावले. म्हटलं, राजूला कळलं तर ती मला उभी जाळेल. काका लहान पोरासारखे खाली मान घालून म्हणाले, ‘डॉक्टरनं दोन चाकावर बसू नको म्हणलं. तीन चाकाचं कुठं काय म्हणलं?’ मी हटून बसले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय किल्ली देणार नाही. मग काकू, काका नि मी तिघंही परभणीला त्याच डॉक्टरांकडे गेलो. काकांनी खिशातून सायकलीचं चित्र काढून दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं, काकांना चालायला लावलं, मान वळवून बघितली. गोळ्यांनी चक्कर आता लय कमी आहे म्हणाले. मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, एकट्यानं लांब जायचं नाही, जरा चक्कर वाटली की थांबून बसून राहायचं, असं बजावून परवानगी दिली. तो कागद काकूंनी फ्रीजवर चिकटवलाय. तू आलीस की तुझ्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी.

आता सकाळी सायकल माझी, संध्याकाळी त्यांची. सीटला खालीवर करायची खिट्टी लावलीय. पेटीत उशी टाकून काकू पाठमोऱ्या बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत जातात. गुडघ्यांमुळे कधीपासून त्या बाजारात गेल्या नव्हत्या. काका जी भाजी आणतील ती निवडायची. पहिल्या दिवशी त्या मेथीवाल्याशी एवढ्या भांडल्या की काका खूश होऊन दोन जुड्या जास्त घेऊन आले. आणि तुला आठवतंय, मागच्या सोमवारी तू फोन केलास तेव्हा मागून ‘वांगी, ताजी वांगी’ ओरडणं ऐकू आलं, आणि तू विचारलंस हा आवाज कसला? काका म्हणाले, सिरियल लावलीय. तू म्हणालीस, सिरियलमध्ये वांगी? काकूंना हसू आवरेना, म्हणून फोन घाईत ठेवला. तू उगाच काळजी करत बसली असशील. ती सिरियल बाजारातच चालू होती, बाई.

तर आता तुला हे सगळं का लिहिलं ते सांगते. तू दिवाळीला येणार आहेस. पूर्वी तू यायचीस तेव्हा काका गाडीच्या आधीच प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहायचे. गाडी लेट असली तर तासभर आधी. ते आजारी पडल्यापासून तू म्हणतेस, येऊ नका, मी रिक्षानं येते. ते ऐकतात. परवा पेटीचा पत्रा काढून ते ती पुन्हा रुंद करत बसले होते. मी म्हटलं, काका, आता पुरे की, माझी पार्सलं एवढी मोठी नसतात. ते ठोकत राहिले. मग हातोडी खाली ठेवून म्हणाले, ‘तिची बॅग लय मोठी असती.’ मग पत्रा उलटा करत म्हणाले, ‘पोरगी येती नि बाप दारात बसून राहतो, मला ते बरं वाटंना गेलंय. पण मी इचारलं तर ती नको म्हणंल. तू लिही.’ घर ते स्टेशन आतल्या रस्त्यानं आहे, वाटेत चढ नाही, आणि त्यांच्या शेजारून माझी जुनी सायकल घेऊन मी चालणार आहे. बोलायचं तर मला बोल, त्यांना नको. पण गाडीतून उतरलीस की या वेळेला रिक्षा करू नकोस. बाहेर ये. पिंपळाखाली विटकरी पेटीची सायकल उभी असेल, आणि काका नक्की घड्याळ बघत असतील.

तुझीच,
सुकेशनी