पहिलं शील

आर्वी, १९८९

प्रिय प्रेमदास, जयभीम.

तू बुद्धाच्या देशात, लंकेत, लढाईवर गेला, म्हणून मीच, तुझ्या मायनं, पेढे वाटलते. आता वस्ती भांडून राह्यली. तुझा मामा म्हणते, पोरगा देशाचं काम करते. शेजारची सीताबाई म्हणते, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपण काऊन पडावं? दोघंही मलेच विचारतात. मी उठून चुलीपाशी जातो, भाकर जाळतो.

सुट्टीवर आलता, तवा विहारात सारे पंचशील म्हणत होते. जीवहत्या करणार नाई, या पहिल्या शीलाले तुझे ओठ मिटले. दुसऱ्यापासून तू म्हणू लागला. मी बाजूलेच होती.

हे पत्र टाकत नाई. तिथं कोणी फोडून वाचलं तर?

काल विहारात मीही पहिल्या शीलाले गप्प राह्यली. तू येजो, मंग सोबत म्हणू.

तुझी माय