टॅबमधली आत्या

मंगळवार, ३ डिसेंबर

दादाच्या लग्नाचं फुटेज आलं! सगळं छान — मंगलाष्टकं येईपर्यंत. इंदुआत्याचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून काकूनं टॅब उंच धरून तिला व्हिडिओ कॉलवर बोहल्याजवळ आणलं होतं. आणि टॅबचा पडदा काळाकुट्ट! ऐन वेळी कॉल तुटलेला. बाबा बघतच राहिले. "माझी एकुलती एक बहीण, आणि तिच्या जागी अंधार?"

रविवारी सगळे नातेवाईक व्हिडिओ बघायला येणार. कॅमेरावाल्याला फोन केला तर — "नेटवर्कइच नै था मॅडम, हम क्या करते?" खरंय. मीच काहीतरी करणार. कामावर जाहिरातींतल्या मोबाईलमध्ये रोज दुसरी चित्रं बसवते, घरच्या टॅबमध्ये आत्या बसवता येऊ नये?

बुधवार, ४

टॅबचे चार कोपरे सॉफ्टवेअरला दाखवले. काकूचा हात हलेल तसं ते कोपऱ्यांच्या मागे जातं, आणि मधे मी आत्याचा फोटो ताणून बसवते. मस्त चाललं होतं. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या — आणि एक कोपरा तांदळाच्या दाण्यामागे पळाला! आत्या लांब लांब होत थेट दादाच्या पायांशी. एकटीच खो-खो हसले.

गुरुवार, ५

अक्षता पडतात तेवढ्या सत्तर-ऐंशी फ्रेम हातानं जुळवल्या. मोठ्या हौसेनं बाबांना दाखवलं. बाबांनी वाकून पाहिलं. मग — "अगं, हार घालायचा तेवढा राहिलाय!"

अरे देवा! चौकटीत न हलणारी बाई. चांगल्या जित्याजागत्या आत्याला मी भिंतीवर टांगलं की! हलती-बोलती आत्या हवी. उद्या नारायणगुड्याला, आत्याच्या घरी.

शुक्रवार, ६

आमच्या काचीगुड्याहून तिचं घर स्कूटीवर दहा मिनिटं. शॉटसाठी लग्नातल्या अक्षता डबीत नेल्या होत्या, आईकडे उरलेल्या. डबी हातात दिली तर आत्या तिच्याकडे बघत बसली.

"आत्ता आली अक्षत," म्हणाली.

मला आधी कळेना. मग कळलं. लग्नाची अक्षत घेऊन बोलवायला तिच्याकडे कुणी गेलंच नव्हतं! बाबांनी पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली जोडलेले हात. मोठ्या बहिणीला! दहा मिनिटांवर! इतकी लाज वाटली. "चुकलंच आमचं, आत्या," म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. मलाच रडू आलं.

"नक्को गं, तू कायकू रडतीस," म्हणत तिनं स्वतःचे डोळे पुसले. मग मला कपाटातली नारायणपेठी काढायला लावली, पदर खांद्यावर घेतला, पावडर लावली. अक्षता अशा फेकल्या की थेट कॅमेऱ्यावर! चार टेक झाले. प्रत्येक वेळी तीच विचारायची, "अजून एकदा करू?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. भाजीला निघाले होते. पिशवी दारातच ठेवून नारायणगुड्याला गेले. आज रात्री भाजी नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

शनिवार, ७

बसली! काळ्या पडद्यावर मांडवाच्या दिव्यांची झाक होती, ती तशीच आत्यावर राहू दिली — तेव्हा कुठं खरी वाटली.

रविवार, ८

बाबा स्वतः जाऊन आत्याला गाडीतून घेऊन आले. वर आणताना खुर्ची उचलायला बाबा, काका, दादा — आणि आत्याचं आपलं, "हळू रे, मी काय तांदळाचं पोतं आहे?" टॅबमधून अक्षता पडल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी व्हिडिओ तीनदा लावला. मी वाटीभर जास्त श्रीखंड खाल्लं. हक्काचं होतं!

सोमवार, ९

आत्याचा फोन. "नेटवर्क नव्हतं गेलं गं. रागानं मीच कट केला होता. तुझ्या बाबाला नक्को सांगू." मग म्हणाली, "फोन ठेवून दिला, आणि सगळी मंगलाष्टकं एकटीच म्हणत बसले."