सतरा नंबरचा ठसा

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२९ ऑक्टोबर २०१२

ती. चारुमामास,
मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता. पण एकतीस वर्षं टूलरूमच्या धडधडाटात काढलेल्या तुझ्या कानांना फोन ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुला मान्य नाही. म्हणून हा पत्राचा राजमार्ग.

दसऱ्याला तू तळोज्याच्या माझ्या गाळ्यात येऊन धातू कोरायच्या मशीनची पूजा केलीस, त्याबद्दल मशीन आणि मी दोघंही ऋणी आहोत. वरवर हळदकुंकू वाहून तुझं थोडंच भागणार होतं! ॲल्युमिनियमची ती जाडजूड पाटी मी आदल्या दिवशी टेबलावर नीट बसवून ठेवली होती. टेबलाला अक्षता मिळाल्या नाहीत तर मशीन रुसतं म्हणून ती तू मला आणि बाबांना उचलायला लावलीस. बाबांची कंबर अजून दसरा साजरा करते आहे. मग तुझा तळहात कुंकवानं माखला, म्हणून तू टेबल उपरण्यानं पुसलंस आणि मी पुसलंय, आता ठेवा, असं फर्मान काढलंस. आम्ही ठेवली. दुसऱ्या दिवशी आवळली आणि चार दिवसांत कोरूनही झाली.

म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा पुढचा तुकडा तयार. मधला आणि मागचा बाकी. दोन सीटांची, बिनछपराची गाडी, इंजिन भंगारातल्या एका गरीब गाडीचं आणि सांगाडा मात्र अख्ख्या ॲल्युमिनियममधून कोरलेला. आईचं म्हणणं, एवढ्या धातूची पातेली केली असती तर कॉलनीतली दहा लग्नं निघाली असती. त्यातलं एक कुणाचं, हे ती सांगत नाही, नुसती माझ्याकडे बघते.

तिला शब्द दिलाय. गुढीपाडव्याच्या दिवशी गाडी गाळ्यातून निघून आतल्या रस्त्यानं बाबांच्या केमिकल कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली पाहिजे. नाही आली तर गाळा बंद, आणि त्याच फाटकातून मी मेंटेनन्सच्या नोकरीवर आत. बाबांनी साहेबांकडे शब्द टाकूनही ठेवलाय. माझ्यावर घरच्यांचा किती विश्वास आहे बघ.

एक मागणं आहे. गाडी झाली की सांगाड्यावर तुझा सतरा नंबरचा ठसा मारशील ना?

लोभ आहेच, तो दसऱ्याच्या सोन्यासारखा दुसऱ्या दिवशी सुकू देऊ नकोस.
तुझी
मनस्वी


चौल, ता. अलिबाग
८ नोव्हेंबर २०१२

चि. मनस्वीस,
अनेक आशीर्वाद. सुमतीमामीचे दोन जास्त.

पत्र वाचून धन्य झालो. तळोज्याच्या रस्त्यावर जमिनीपासून चार बोटं उंचीची गाडी चालवणं म्हणजे पैठणी नेसून भात लावायला जाणं. चालवण्याआधी चाकाखाली लिंबू ठेवशील तर जपून. गाडी लिंबावरच अडकायची आणि तुझ्या बापाला पुन्हा उचलायला लागायची.

आता ठशाचं. सतरा हा माझा कारखान्यातला नंबर. मी तपासून पास केलेल्या जॉबवर तो पडायचा आणि एकतीस वर्षांत सतरा नंबरचा एकही जॉब परत आला नाही. भाचीचे लाड म्हणून तो ठोकला जात नाही. आधी जोड, मग मोज, मग बघू.

बाकी दोन तुकडे कोरताना मी शिकवलेलं विसरू नकोस. जॉब ठेवण्याआधी टेबलाची बैठक तळहातानं पुसायची. फडकं खोटं बोलतं, कातडी बोलत नाही. तू तिसरीत असताना हे शिकवलं होतं. तेव्हा तू कडक बुंदीचा लाडू मागितला होतास आणि मी दिला होता, म्हणजे फी वसूल आहे.

दिवाळीला येणार नाही. सुपारी उतरवायची आहे. आईबाबांना नमस्कार-आशीर्वाद, ज्याचे त्याला. मायेत कसर नाही, कौतुकात मात्र राहील.
तुझा
चारुमामा


खांदा कॉलनी
२० जानेवारी २०१३

ती. मामास,
शि. सा. न. तिळगूळ सोबत पाठवलाय. पोस्टातल्या मुंग्यांनी ठेवला असेल तर घे आणि माझ्याशी गोड बोल, कारण आज मला त्याची गरज आहे.

तिन्ही तुकडे झाले. मागचा मधल्याला असा बसला की जणू एकाच आईचे. पुढचा मात्र बसत नाही. डाव्या कोपऱ्यात फट राहते. जोडाच्या पिना भोकांत जात नाहीत, बोल्ट आवळले तर सगळा सांगाडा पिळवटतो. फट केवढी म्हणून हाताशी होतं ते तुझं दिवाळीचं पोस्टकार्ड सरकवून बघितलं. आरामात आत गेलं.

पुढचा तुकडा मी तीनदा मोजला. वरची सगळी मापं एकमेकांशी चोख आहेत. खालच्या बैठकीशी मात्र त्यांचं भांडण आहे. नवी पाटी मागवून, येऊन, कोरून व्हायला चार महिने लागतील, आणि पाडवा अकरा एप्रिलला आहे. काल आईनं फक्त विचारलं की केमिकल कंपनीत बायकांना गणवेश साडी असतो की पँट.

मामा, टोमणे पुढच्या पत्रात मार, या पत्राला उत्तर दे.
लोभाची आज खरोखरच निकड असलेली
मनस्वी


चौल
३० जानेवारी २०१३

चि. मनस्वीस, अ. आशीर्वाद.

माझ्या पत्राचा इतका उपयोग आजवर कुणीच केला नव्हता. तुझी मामी तर माझी पत्रं चुलीपलीकडे नेतच नसे.

तुझा रोग मला इथे सुपारीच्या बागेत बसून कळला. वरची मापं आपसात बरोबर आणि बैठकीशी वाकडी, म्हणजे कोरताना पाटीखाली कचरा होता. पाटी एका कोपऱ्यात उचलली गेली आणि तुझं ते लाखमोलाचं मशीन इमानेइतबारे तिरकं कोरत बसलं. मशीनला काय, ते सांगितलं तेवढंच करतं, जावयासारखं.

तर ज्या कुणी महापुरुषानं ते टेबल पुसलं त्याचं नाव मला कळव. आमच्याकडे असल्या माणसाच्या हातात महिनाभर झाडू देत असत, म्हणजे पुसणं काय असतं ते त्याला कळे. तुझ्याकडे कुणी मदतनीस असेल तर आजच घरी पाठव. आणि तूच असशील तर गणवेशाची चौकशी तुझ्या आईनं योग्य वेळी केली आहे.

एक बजावतो. फटीत पत्रा, कागद, माझं पोस्टकार्ड, काहीही भरून जोडू नकोस. पॅकिंग घालून अब्रू झाकणाऱ्या कारागिराशी माझं नातं नाही.
आशीर्वाद आहेत, ठसा नाही.
चारुमामा


खांदा कॉलनी
१२ फेब्रुवारी २०१३

ती. मामास,
शि. सा. नमस्कार.

तुझं म्हणणं बरोबर आहे. टेबल मीच पुसलं होतं. घाईत पुसलं, एखादा कीस राहिला असेल. शिकवण्यात तुझी काही कसर नव्हती.

पाडव्यानंतर रुजू होते असं बाबांना सांगितलं आहे. गाळ्याच्या मालकांनाही कळवलं.

तब्येतीस जप.
मनस्वी


खांदा कॉलनी
१९ फेब्रुवारी २०१३

ती. दादास,
वेणूचा सा. नमस्कार.

भाचीला पत्रं लिहितोस ती मी वाचत नाही, ती मोठ्यानं वाचून दाखवते. तुझं शेवटचं मात्र तिनं वाचून दाखवलं नाही. घडी घालून डब्यात ठेवलं, तेव्हाच मला शंका आली. मग मी ते वाचलं. रागव हवं तर, मी तुझी धाकटी बहीण आहे, मला सवय आहे.

त्या महापुरुषाचं नाव हवं होतं ना तुला? ऐक. तुझं पत्र आल्यावर पोरीनं पुढचा तुकडा उलटा केला. डाव्या कोपऱ्यात खाली लाल डाग, आणि त्यात चिकटून चपटा झालेला तांदळाचा दाणा. कुंकवाची अक्षता, दादा. तिनं तो नखानं सोडवून काडेपेटीत घातला आणि काडेपेटी ड्रॉवरच्या तळाशी टाकली. ह्यांनी विचारलं तर लोखंडाचा कीस होता म्हणाली. ॲल्युमिनियम कोरताना लोखंडाचा कीस कुठून येतो हे मलासुद्धा कळतं.

ती सगळं दोनदोनदा पुसते. त्या दिवशी पुसलं नाही, कारण तू पुसलं होतंस. तू पुसलंय म्हटल्यावर पुन्हा पुसणं तिला तुझा अपमान वाटला.

तिनं नोकरी करावी असं मला वाटतं, हे खरं आहे. पण हरून करावी असं नाही. आता तुला काय करायचं ते कर. वहिनींना नमस्कार. लोभ मागत नाही, या खेपेला जरा लाज मागते.
तुझी
वेणू


चौल
२५ फेब्रुवारी २०१३

चि. मनस्वीस, आ.

बुधवारच्या एस.टी.नं येतो. धातू खरवडायचा स्क्रेपर आणि निळ्या रंगाची डबी आणतो आहे. पुढचा तुकडा उलटा करून टेबलावर ठेव. साहेबांना रुजू होण्याची तारीख कळवायची घाई करू नकोस, साहेब कुठे पळून जात नाहीत. माझ्यासाठी उशी पातळ ठेव. स्वागताला हळदकुंकू, अक्षता वगैरे काहीही नको.
चारुमामा


खांदा कॉलनी
१३ एप्रिल २०१३

ती. मामास,
मनस्वीचा शि. सा. न. वि. वि., आणि या वेळी साष्टांगातली आठही अंगं खरी.

परवा गाडी गेली आणि आली! जाताना तीन गतिरोधक. प्रत्येकापाशी बाबा आणि शेजारचे महादेवकाका फळ्या टाकायचे, मी वरून न्यायची, मग ते फळ्या उचलून पुढे पळायचे. पनवेल तालुक्यातली ही पहिली स्पोर्ट्स कार असावी जिच्यापेक्षा तिची माणसं जोरात धावली. फाटकावरच्या रखवालदारानं गेटपास मागितला. आईनं त्याला पेढा दिला आणि सांगितलं की मुलगी आत येणार नाहीये.

नऊ दिवस तू वाकून बसला होतास. निळं लावायचं, टेकवायचं, जिथे रंग उमटेल तिथे खरवडायचं, की पुन्हा निळं. तुझी नखं, उपरणं, आईचे कप, सगळं निळं. त्या नऊ दिवसांत तू सुपारीच्या भावापासून पनवेलच्या डासांपर्यंत सगळ्याला नावं ठेवलीस, एका गोष्टीचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. शेवटी चारही पिना अंगठ्यानं आत गेल्या, तेव्हा तू नाक शिंकरायला म्हणून बाहेर गेलास आणि बराच वेळ आला नाहीस. मग पाडव्याच्या आधीच मामी एकटी आहे म्हणून निघून गेलास. मामी गेली चाळीस वर्षं मजेत एकटी आहे.

फटीत आता तुझं पोस्टकार्ड जात नाही. मी पुन्हा घालून बघितलं.

काल तेलाचा थेंब कुठून येतो ते बघायला गाडीखाली झोपले होते. पुढच्या तुकड्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, तो लाल डाग तू पुसलेला नाहीस. आणि बरोबर त्याच्यावर सतरा. मामा, मी ठसा मागितला होता तो पुढे, सगळ्यांना दिसेल असा. तू मारलास तिथे फक्त गाडीखाली झोपणाऱ्याला दिसतो. मी तिथेच पडून रडले, आणि तेल डोळ्यात गेलं म्हणून आईला सांगितलं.

ड्रॉवरमधली काडेपेटीही सापडत नाही.
तुझा लोभ कुठे ठोकलेला असतो ते कळलेली
मनस्वी


चौल
२२ एप्रिल २०१३

चि. मनस्वीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

काडेपेटी माझ्याकडे आहे. मापाच्या पेटीत, मायक्रोमीटरशेजारी ठेवली आहे. तुझ्या मामीनं विचारलं की हत्यारांत तांदूळ कशाला, तर तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला नीट ऐकू आलं.

एकतीस वर्षांत सतरा नंबरचा एकच जॉब परत आला, आणि तो तू गुपचूप स्वतःच्या नावावर घेतलास. ते पत्र मी तुला लिहायला नको होतं. चूक माझी होती, तुझी नव्हती. हे एवढं वाक्य लिहायला मला चार कार्डं फाडावी लागली, टपाल खात्याचा फायदा झाला.

सतराचा ठसा मारायचा पंच रजिस्टरनं पाठवतो आहे. मला आता तो लागत नाही. तुझ्या हातून पास होईल त्या जॉबवर मार.

दसऱ्याला पूजेला येईन. टेबल मी पुसलंय असं म्हटलं, तरी तू पुन्हा पूस.
तुझा
चारुमामा